अकरा तारीख काळी होती

मुर्वानीबाईंना छापलेलं काहीही नुसतं वाचता येत नसे. औषधाच्या पट्टीवरची बारीक अक्षरं असोत, लग्नाची पत्रिका असो की सिमेंटच्या पोत्यावरचा मजकूर, त्यांची नजर आधी चूक शोधायची आणि मग अर्थाकडे वळायची. इंडोनेशियातल्या सोलो शहरातल्या 'पेलिता लावू' या दैनिकात एकतीस वर्षं मुद्रितशोधनाचं काम केल्यावर दुसरं होणार तरी काय! ते दैनिक बंद पडलं, तेव्हा शेवटच्या अंकातल्या निरोपाच्या अग्रलेखाचं प्रूफही त्यांनीच तपासलं. त्यात दोन स्वल्पविराम कमी होते. ते घातले, टेबलाचा खण रिकामा केला आणि बाई वोनोगिरी जिल्ह्यातल्या सुंबरवारूला, आईवडिलांच्या घरी येऊन राहिल्या. नवरा जाऊन सात वर्षं झाली होती. मुलगी सुमात्रात संसाराला लागली होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी बाईंच्या हाताला काम नव्हतं आणि डोळ्यांची सवय काही जात नव्हती.

सुंबरवारूत वर्तमानपत्र येईनासं झालं होतं. गावाला बातम्या मिळायच्या त्या 'गार्डू'वर. गार्डू म्हणजे खरं तर गल्लीच्या कोपऱ्यावरची राखणदारांची बांबूची चौकी. गावभरच्या गप्पा तिथे कुटल्या जातात. पण हे गार्डू फोनमधलं होतं. बस स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून गालुह नावाची सव्वीस वर्षांची मुलगी ते पेज चालवायची. गावची वस्ती बारा हजार आणि पेजला माणसं त्रेचाळीस हजार. पोटापाण्यासाठी गाव सोडून गेलेले सगळेच त्यावर डोळा ठेवून असत.

बाईंची आणि गालुहची ओळख झाली ती एका चुकीवरून. गार्डूवर आलं होतं, 'गुरुवारी दिवसभर वीज जाणार.' वीज कंपनीची नोटीस बाईंनी चावडीच्या फळ्यावर स्वतः वाचली होती. त्यात बुधवार होता. तरातरा चालत त्या झेरॉक्सच्या दुकानात गेल्या.

"गार्डूवाली मुलगी तूच का?"

"हो, बुदे." मोठ्या मावशीच्या वयाच्या बाईला तिकडे बुदेच म्हणतात. "काय काढायचंय? ओळखपत्र लागेल—"

"मला काही काढायचं नाही. तूच एक काढ. गुरुवार काढ आणि बुधवार घाल."

गालुहनं फोन उचलला, दोनदा अंगठा फिरवला आणि म्हणाली, "झालं."

"काय झालं?"

"बुधवार केला."

बाई बघतच राहिल्या. त्यांच्या दैनिकात एका वाराची चूक सुधारायची, तर दुसऱ्या दिवसाच्या अंकाची वाट बघावी लागे. त्यातही संपादकांची मर्जी, जागेची टंचाई, ती दुरुस्ती आठव्या पानावर सिनेमाच्या जाहिरातींखाली बारीक टायपात. आणि इथे, बोटाचा चाळा! त्यांना गंमत वाटली. मग चार पावलं दुकानाबाहेर गेल्या, थबकल्या आणि परत आल्या.

"पण मग सकाळी ज्यांनी गुरुवार वाचला त्यांचं काय?"

"त्यांचं काय?"

"चूक झाली होती हे कुठेच दिसत नाही की!"

"तेच तर बरं आहे ना, बुदे," गालुह हसून म्हणाली.

बाईंना ते बरं वाटलं नाही, पण कुतूहल मात्र चांगलंच चाळवलं. दुसऱ्या दिवशी त्या तळलेल्या तेंपेची, म्हणजे सोयाबीनच्या वड्यांची, बशी घेऊन दुकानात हजर झाल्या. तिसऱ्या दिवशीही. महिनाभरात झेरॉक्सच्या यंत्रामागचं प्लॅस्टिकचं स्टूल त्यांचंच झालं. बातमी कोण पाठवतं, खरी कशावरून, खोटी निघाली तर कोण रागावतं, असे प्रश्न विचारून विचारून त्यांनी पोरीला भंडावून सोडलं.

"बुदे, तुमच्या पेपरवर लोक विश्वास का ठेवायचे?" गालुहनं एकदा उलट विचारलं.

"छापलेलं होतं म्हणून," बाई म्हणाल्या आणि स्वतःच्याच उत्तरावर त्यांचं समाधान झालं नाही.

दोन हजार चोवीसच्या मार्चमधल्या पहिल्या शनिवारी तो व्हिडिओ आला. चाळीस सेकंदांचा. कुठल्याशा स्वयंपाकघरात मांस दळायचं यंत्र, शेजारी ओट्यावर सोललेले उंदीर आणि सुरी चालवणारे दोन हात. माणसाचा चेहरा नाही, आवाजाच्या जागी कुठलंसं गाणं. खाली ओळ होती : 'सुंबरवारू, बस स्टँडसमोरचं बाक्सोचं दुकान. जपून!'

बस स्टँडसमोर बाक्सोचं दुकान एकच, पाइमानचं. गोमांसाच्या गोळ्यांचा तो वाफाळता रस्सा खाल्ल्याशिवाय बसमध्ये चढायचं नाही, अशी गावाची बावीस वर्षांची रीत. वोनोगिरीची माणसं साऱ्या देशभर बाक्सोच्या गाड्या लावतात; त्यामुळे बाक्सोला बोट लावणं म्हणजे गावाच्या इभ्रतीलाच बोट लावणं. आणि रोजे सुरू व्हायला दहाच दिवस उरले होते. हलाल नसलेलं पोटात गेलं असेल, या धास्तीनं माणसं हवालदिल झाली.

बाई त्या दिवशी भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. रविवारी सकाळी परतून फोन उघडला, तर गार्डूवर तो व्हिडिओ आणि वर गालुहचे शब्द : 'हे खरं आहे का?' अकराशे लोकांनी तो पुढे पाठवला होता.

त्या थेट दुकानात गेल्या. गालुहनं त्यांना पाहताच आधीच हात वर केले.

"मी काही म्हटलेलं नाही, बुदे! मी फक्त विचारलंय. प्रश्नचिन्ह आहे, बघा."

"एकतीस वर्षं मी चिन्हंच बघत आले," बाई म्हणाल्या. "स्वल्पविरामाला माणूस थांबतो, पूर्णविरामाला थांबतो. प्रश्नचिन्हाला थांबलेला माणूस मी अजून पाहिला नाही."

"पण कॅलेंडर बघा ना! मागच्या भिंतीवर. 'मार्च' लिहिलंय. एक तारखेला शुक्रवार. चालू महिना आहे. लोकांनीच दाखवून दिलं."

बाईंनी चष्मा पुसून बघितलं. खरंच, यंत्रामागे कॅलेंडर होतं. वरचा सालाचा भाग चित्रात आला नव्हता, पण महिना मार्चच आणि एक तारीख शुक्रवारीच. त्या रस्ता ओलांडून पाइमानच्या दुकानात गेल्या.

अकरा वाजले होते. एरवी या वेळी बाकावर जागा मिळायची नाही. आज पाइमान एकटाच बसला होता. पातेल्यात रस्सा रटरटत होता आणि तो उगाच झाकण काढत होता, ठेवत होता.

"एक वाटी द्या, पाक पाइमान." मोठ्या पुरुषाला तिकडे पाक म्हणतात, बाईला बु.

त्यानं वर बघितलं. "फोन नाही का तुमच्याकडे, बु?"

"आहे की."

"मग बघितलं नाहीत?"

"बघितलं. तिखट जरा कमी घाला."

त्यानं वाटी पुढे ठेवली. मग तो बोलायला लागला. खाटकाला इथे आणून उभं केलं म्हणाला, स्वयंपाकघराचं दार सताड उघडं ठेवलं, 'या, बघा' म्हणून ओरडलो; कोणी आत यायला तयार नाही. "समोर माझं स्वयंपाकघर आहे, बु. जिवंत, उघडं. ते बघायला पन्नास पावलं नकोत. पण फोनमधलं कुणाचं तरी स्वयंपाकघर सगळ्यांनी बघितलं!"

बाईंच्या मनात तेच घोळत राहिलं. बावीस वर्षांचा घास खोटा आणि चाळीस सेकंद खरे, असं माणसाला का वाटावं? त्यांना पाइमानची कणव तर होतीच, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त हे कोडं त्यांना सुखानं बसू देईना.

घरी येऊन त्या अंगणात व्हिडिओ घेऊन बसल्या. प्रूफ तपासण्याची त्यांची एक जुनी रीत होती. एकदा सरळ वाचायचं आणि मग शेवटच्या शब्दापासून उलटं, पहिल्या शब्दापर्यंत. उलटं वाचलं की मजकुराचा अर्थ मधे लुडबुड करत नाही, नुसती अक्षरं उरतात. व्हिडिओही त्यांनी तसाच, शेवटच्या सेकंदापासून मागे मागे, थांबवत थांबवत बघितला. उंदीर बघायचे नाहीत, सुरी बघायची नाही असं मनाशी ठरवलं. फरशी बघितली, खिळे बघितले, मग कॅलेंडर. दर वर्षी 'पेलिता लावू'च्या कॅलेंडरचं प्रूफ त्यांच्याकडेच असायचं. एखादी सुट्टी लाल करायची राहिली तर दिवसभर फोन खणखणायचे. त्यामुळे कॅलेंडर म्हटलं की त्या आधी लाल आकडे मोजत.

रविवार लाल. एकोणतीस लाल, गुड फ्रायडे. बारा लाल. अकरा काळा.

बाई खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात गेल्या. तिथल्या भिंतीवर या वर्षीचं कॅलेंडर होतं. त्यात अकरा तारीख लाल होती. नेपी, म्हणजे बालीकडच्यांचं मौनाचं नववर्ष (त्यांचा शकही त्याच दिवशी बदलतो), या वर्षी अकराला. बाराला नुसती जोडसुट्टी. ती काही कॅलेंडरांत लाल, काहींत नाही. म्हणून बाराकडे कुणाचं लक्ष गेलं नसेल. पण अकरा काळी कशी?

मग त्यांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. रद्दीत टाकवेनात म्हणून तपासलेल्या कॅलेंडरांची प्रूफं त्यांनी जपून ठेवली होती. एक-एक करत मागे गेल्या. दोन हजार एकोणीसचा मार्चही शुक्रवारी सुरू झालेला, पण त्यात नेपी सात तारखेला. आणखी मागे. दोन हजार तेरा : एक तारीख शुक्रवारी, नेपी बाराला, गुड फ्रायडे एकोणतीसला. अकरा काळी.

म्हणजे व्हिडिओ अकरा वर्षं जुना होता, किंवा निदान त्या भिंतीवर अकरा वर्षांपूर्वीचं कॅलेंडर होतं. आणि पाइमानच्या स्वयंपाकघराची भिंत त्यांनी आजच बघितली होती. तिच्यावर नुसती काजळी, खिळासुद्धा नव्हता.

ते प्रूफ कागदात गुंडाळून बाई दुकानाकडे निघाल्या. गालुहनं दोन्ही कॅलेंडरं शेजारी शेजारी ठेवून बघितली.

"आता काय करायचं, बुदे?"

"आधी सांग, तुला हे पाठवलं कुणी?"

सोमवारी दोघी गालुहच्या स्कूटरवरून निघाल्या. गालुहला व्हिडिओ आला होता मोबाइल दुरुस्त करणाऱ्या प्रियोकडून. प्रियोनं फोन उघडून दाखवला : त्याला आला होता यात्मी शिंपिणीकडून, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर. यात्मी बाजारामागे राहायची. पायाशी शिवणाचा ढीग घेऊन बसली होती. काय प्रकरण आहे ते कळताच रडायलाच लागली.

"मला माझ्या बहिणीनं पाठवलं हो, बकासीहून. तिला कुणी पाठवलं तिला आठवत नाही. त्यावर लिहिलं होतं, 'बस स्टँडजवळचं बाक्सो, जपून.' गावाचं नाव नव्हतं. मी म्हटलं, आपल्याकडेही बस स्टँडसमोर आहे की! म्हणून ग्रुपवर विचारलं, 'सुंबरवारू, बस स्टँडसमोरचं बाक्सोचं दुकान तर नव्हे? जपून!'"

तिनं मेसेज दाखवला. खरंच तसं होतं. बाईंनी प्रियोचा मेसेज पुन्हा मागवून बघितला. त्यानं भराभर टाइप करताना 'तर नव्हे' आणि प्रश्नचिन्ह गाळलं होतं. एवढंच. कुणाचा वैरभाव नव्हता, कुणी पाइमानचं वाईट चिंतलं नव्हतं. एकीनं शंका विचारली, दुसऱ्यानं तिची शेपटी तोडली आणि तिसरीनं त्रेचाळीस हजार लोकांपुढे ठेवली.

"तीन हात फिरलं आणि बातमी झाली," परत येताना बाई मागच्या सीटवरून पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "तीनच हात, गालुह!"

गालुह मात्र दुसऱ्याच विचारात होती. दुकानात येताच ती म्हणाली, "मी ती पोस्ट काढून टाकते आणि नवी टाकते, की पाइमानचं दुकान स्वच्छ आहे."

"काढू नकोस."

"काढू नको? अहो बुदे, अजून लोक बघताहेत ती!"

"मग तिथेच, तिच्याच डोक्यावर लिही, की आम्ही चुकलो. जिथे चूक वाचली तिथेच दुरुस्ती वाचू दे."

"आणि लोक म्हणतील, गार्डू खोटारडं! चार वर्षं लागली मला इथवर यायला. तुमच्या पेपरनं कधी पहिल्या पानावर 'चुकलो' म्हणून छापलंय? एकदा तरी?"

बाईंकडे उत्तर होतं, पण ते सांगायला जड होतं. तरी त्यांनी ते सांगितलं. वीस वर्षांपूर्वी एका अपघाताच्या बातमीत मेलेल्या माणसाच्या गावाचं नाव चुकलं. त्यामुळे त्याच नावाचा, दुसऱ्या गावचा हार्जितो हा धडधाकट सुतार कागदोपत्री मेला. चूक बाईंच्याच नजरेतून निसटली होती. तो माणूस पहिल्यांदा कचेरीत आला तेव्हा हसत होता. ओळखपत्र दाखवून म्हणाला, 'मी जिवंत आहे बरं का!' दुसऱ्या दिवशी आठव्या पानावर, जाहिरातींखाली तीन ओळींची दुरुस्ती आली. ती कुणी वाचलीच नाही. तिसऱ्यांदा आला तेव्हा तो हसत नव्हता. त्याच्या आईच्या सांत्वनाला तिच्या माहेरचे लोक दोन वर्षं येत राहिले.

"मी तेव्हा पहिल्या पानाची मागणी केली नाही," बाई म्हणाल्या. "करायला हवी होती. तुझ्याकडे पहिलं पान आहे, गालुह. ते वापरायला कुणाची परवानगीही नको."

गालुह यंत्राच्या झाकणावर नखानं रेघोट्या मारत बसली. मग म्हणाली, "तुम्हीच लिहा. मला असं लिहिता येत नाही."

मंगळवारी सकाळी गार्डूवर, त्याच पोस्टच्या डोक्यावर, हे आलं :

'आम्ही चुकलो. हा व्हिडिओ पाइमान यांच्या दुकानातला नाही. भिंतीवरचं कॅलेंडर बघा : अकरा तारीख काळी आहे. या वर्षी ती लाल आहे. मार्चच्या एक तारखेला शुक्रवार आणि बारा तारखेला नेपी असं दोन हजार तेरा साली, शके १९३४ ला, होतं. आमच्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्या घरातलं कॅलेंडर बघा. हा व्हिडिओ कुठे काढला ते आम्हाला माहीत नाही. तो आमच्यापर्यंत कसा आला ते खाली लिहिलं आहे. पाठवणाऱ्यांची नावं देत नाही, कारण सगळ्यात मोठी चूक आमची.'

हे टाकण्याआधी बाईंनी गालुहला पाइमानकडे पाठवलं होतं. ती एकटीच गेली. बाई रस्त्याच्या अलीकडे उभ्या राहिल्या, पण दोघांचे आवाज तिथवर येत होते.

"पाकदे, मला माफ करा. मी फक्त विचारलं होतं—"

"विचारलं होतंस ना?" पाइमान म्हणाला. तो ओरडला नाही. "मग मला का नाही विचारलंस? मी तर समोरच होतो."

त्या दिवसापासून गार्डूवर ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला आधी जाऊन विचारायचं, असं ठरलं.

पण दुरुस्ती काही चूक धावली तशी धावली नाही. संध्याकाळपर्यंत जेमतेम नव्वद लोकांनी ती पुढे पाठवली होती. "पुन्हा आठवं पान," बाई पुटपुटल्या. मग विचारलं, "पहिला व्हिडिओ कुणी कुणी पाठवला ते कळतं का गं?"

"सगळ्यांचं नाही. साडेतीनशेएक नावं दिसतात."

"दे बरं."

"बुदे! साडेतीनशे लोकांना तुम्ही एकेक करून लिहिणार?"

"मला दुसरं काम काय आहे?"

चार दिवस बाई स्टुलावर बसून एका बोटानं टाइप करत होत्या. प्रत्येकाला नावानं, स्वल्पविरामासकट. 'तुम्ही हा व्हिडिओ पुढे पाठवला होता. तो आमच्या चुकीनं तुमच्यापर्यंत आला. तुमच्या घरच्या कॅलेंडरात अकरा मार्च बघता का? आणि एक विचारू? तुम्हाला तो खरा का वाटला?'

उत्तरं येऊ लागली आणि बाईंना जेवणाचं भान राहीना. एकानं विचारलं, बाक्सोवाल्यानं किती वाट्या फुकट चारल्या? एकीनं लिहिलं, 'माझी मावशी कधी खोटं पाठवत नाही म्हणून.' एका मास्तरांनी लिहिलं, 'खरा वाटला नव्हता. पण खरा असेल तर आपण गप्प बसलो असं नको, म्हणून.' ते वाचून बाईंच्या मनात आलं, चांगुलपणातूनच पसरलं म्हणायचं! आणि बरेच जण फक्त फोटो पाठवत होते. स्वयंपाकघरातल्या, शाळेतल्या, मशिदीच्या पडवीतल्या कॅलेंडरांचे. अकरावर बोट ठेवलेलं. 'लाल आहे, बुदे!' 'आमच्याकडेही लाल!' गालुहनं ते फोटो गार्डूवर लावले, आणि मग मात्र दुरुस्तीला पाय फुटले. जो तो भिंतीकडे जाऊन बघायचा आणि आपलं बोट ठेवून पुढे पाठवायचा.

शनिवारी बालीहून एका माणसाचा मेसेज आला. 'बाई, तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण दोन हजार तेराच्या नेपीला शके १९३४ संपून १९३५ सुरू झालं. तुम्ही १९३४ लिहिलंय.'

गालुहनं तो वाचून जीभच चावली. "संपलं! आता म्हणतील, चूक सुधारतानाही चुकले."

बाईंचा चेहरा आधी लाल झाला. एकतीस वर्षांच्या मुद्रितशोधकाची चूक, आणि तीही शकाची! मग त्या एकदम खुदकन हसल्या. इतकी वर्षं त्यांनी अक्षरं तपासली, पण तक्रारीपलीकडे एकही वाचक त्यांच्याशी बोलला नव्हता. बाकीचे वाचक आहेत हेसुद्धा त्यांना फक्त खपाच्या आकड्यांवरून ठाऊक. "लिही," त्या म्हणाल्या. "'दुरुस्तीची दुरुस्ती. शके १९३५. चूक मुर्वानीची. दाखवून देणाऱ्या वाचकाचे आभार.'"

त्या दोन ओळींखाली जितकी माणसं बोलायला आली तितकी आधीच्या मोठ्या पोस्टखालीही आली नव्हती. एकानं लिहिलं, 'एवढंसं चुकलं तरी सांगतात, म्हणजे बाकीचं बघूनच लिहीत असतील.' बाईंनी ते दोनदा वाचलं. गालुहला वाचून दाखवलं. 'छापलेलं होतं म्हणून' या आपल्या जुन्या उत्तरापेक्षा हे बरं आहे, एवढंच त्या म्हणाल्या.

पाइमानचं दुकान एका दिवसात भरलं नाही. रोज्यांच्या आदल्या रविवारी यात्मी शिंपीण आली, सगळ्यांना दिसेल अशी पुढच्या बाकावर बसली आणि दोन वाट्या खाल्ल्या. दुसरी तिला जात नव्हती, तरी खाल्ली. मग प्रियो आला. रोज्यांत संध्याकाळी उपास सोडायला अर्धी बाकं भरू लागली. ईदला गावी आलेल्यांनी उरलेली भरली. काही जुनी गिऱ्हाइकं मात्र परत आलीच नाहीत. समोरून जाताना मान वळवतात. पाइमान त्यांना हाक मारत नाही. गालुहशी तो बोलायला लागला तो थेट मे महिन्यात, आणि तेही, "झेरॉक्सचं यंत्र फार आवाज करतं तुझं," एवढंच. गालुहला तेवढ्यानंही हायसं वाटलं.

नोव्हेंबरात पावसानं ओढ्यावरचे दोन साकव वाहून गेले. तेव्हा गार्डूवर हाँगकाँगहून एका बाईचा मेसेज आला. ती तिथे कुणाच्या तरी घरी स्वयंपाकाला होती. 'आमच्या वाडीचा पूल गेला म्हणतात. दोन दिवस आई फोन उचलत नाही. शेजारणीला विचारलं तर ती म्हणते, तिनंही ऐकलंच आहे. मला ऐकलेलं नको. तुम्ही जाऊन बघाल का?'

बाईंनी छत्री उचलली. गालुहनं स्कूटर काढली. पूल खरंच गेला होता. स्कूटर अलीकडे ठेवून दोघी चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेल्या. म्हातारी पडवीच्या कडेला सुपात कसाव्याच्या कंदाचे काप वाळत घालत होती. ऊन नव्हतं, बाहेर भुरभुर होती, पण सवय. वीज गेल्यामुळे फोन मेला होता, एवढंच. लेकीचं नाव ऐकताच ती ओले हात पुसत उठली आणि फोटो काढताना उगाच केस सारखे करत राहिली.

बाईंनी फोटोखाली लिहिलं : 'पूल गेला आहे, हे खरं. आई बरी आहे, हे आम्ही आज दुपारी दोन वाजता पाहिलं. वीज कधी येईल ते माहीत नाही.'

पाच मिनिटांत हाँगकाँगहून उत्तर आलं.

'दिसली. तिला म्हणावं, ते कापाचं सूप आत घे. भिजतंय.'